एका गाणाऱ्या घराचा ताळेबंद

(बी. कॉम. भाग २)

भागीदारीचा कायदा शिकवताना आमचे सर एक वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहितात. वेगळा करार नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूबरोबर भागीदारी संपुष्टात येते. १९३२ च्या कायद्यातले हे कलम परीक्षेपुरते आम्ही सर्वांनी पाठ केले आहे. माझ्या मनात मात्र ते वेगळ्या कारणाने राहिले. आमच्या घरी फडताळात आजोबांच्या भजनी मंडळाची एक जुनी वही आहे. कोणी किती पट्टी दिली, टाळांच्या दोऱ्यांना किती खर्च आला, पखवाजाची पुडी केव्हा बदलली, सप्ताहाला कोणत्या गावाने किती बिदागी दिली, असे सारे तिच्यात बारीक अक्षरांत लिहिलेले आहे. एका तारखेनंतर पाने कोरी आहेत. "आजोबा गेले आणि भजन थांबले," असे घरात सगळेच सांगतात.

मग गाणारी सगळीच घरे अशी एका माणसाबरोबर थांबतात का? या प्रश्नाचा माग काढताना मला अमेरिकेतील एका कुटुंबाची हकीकत सापडली. 'स्टेपल सिंगर्स' या नावाने बाप आणि त्याची मुले एकोणीसशे अठ्ठेचाळीसपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ एकत्र गात राहिली. संगीताचा मी विद्यार्थी नाही. तेव्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्याला जसे दिसले तसे ते वाचकांपुढे ठेवतो.

गॉस्पेल म्हणजे काय?

'गॉस्पेल' म्हणजे शुभवर्तमान. अमेरिकेतील कृष्णवर्णीय ख्रिस्ती समाजाच्या भक्तिगीतांना हे नाव पडले. मुख्य गायकाने ओळ टाकायची आणि इतरांनी ती उचलायची, ही तिथली रीत. आपल्याकडे कीर्तनकार आणि झीलकरी यांचे जे नाते असते तेच इथे दिसते. गुलामगिरीच्या काळापासून शेतात आणि प्रार्थनेत अशी गाणी म्हटली जात होती. परंतु आज आपण ज्याला गॉस्पेल म्हणतो ते घडले शहरात, विशेषतः शिकागोत, १९३० नंतरच्या दशकात. थॉमस डॉर्सी (१८९९–१९९३) हे त्याचे जनक मानले जातात. ते पूर्वी 'ब्लूज' नावाचे दुःखाचे, प्रेमाचे लौकिक गाणे वाजवीत. तोच ठेका आणि तीच आर्तता त्यांनी देवाच्या गाण्यात आणली. जुन्या वळणाच्या चर्चना ते रुचले नाही. बाजारातला सूर देवळात कशाला, असा आक्षेप आला. हा आक्षेप ध्यानात ठेवावा, कारण तो पुढे पुन्हा येणार आहे.

डॉर्सींच्या हकीकतीत सॅली मार्टिन या बाई येतात. त्या गायिका होत्या, पण त्यांचे मोठे काम वेगळेच होते. डॉर्सी गाणी छापून त्यांचे कागद विकत. मात्र पैशाची व्यवस्था त्यांना जमत नसे. सॅलीबाईंनी हिशेब लावला, विक्री शिस्तीत आणली आणि गावोगाव जाऊन गाणी पोहोचवली. १९४० मध्ये त्यांनी केनेथ मॉरिस यांच्याबरोबर स्वतःची प्रकाशन संस्था काढली. गाणे लिहिणाऱ्याचे नाव सर्वांना ठाऊक असते, वही सांभाळणारीचे थोड्यांना.

मालकाची वही

रोबक स्टेपल्स यांचा जन्म २८ डिसेंबर १९१४ रोजी मिसिसिपी राज्यात झाला. चौदा भावंडांत ते शेंडेफळ. ड्रू या गावाजवळ विल डॉकरी यांचा कापसाचा मोठा मळा होता. तिथे हे कुटुंब वाट्याने शेती करी. या वाटेकरी शेतीचे अर्थशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. जमीन मालकाची, राबणारे कुटुंब वाटेकऱ्याचे. बी-बियाणे, अवजारे आणि वर्षभराचे धान्य मालकाच्या दुकानातून उधारीवर यायचे. कापूस विकला गेला की वर्षाअखेरीस हिशेब होई. वाट्यातून उधारी आणि व्याज वजा जाता बहुतेकांच्या हाती काहीच उरत नसे. पुष्कळदा देणेच उरे. हिशेबाची वही मालकाच्या हाती. तिच्यात काय लिहिले आहे हे विचारण्याची सोय कृष्णवर्णीय वाटेकऱ्याला नव्हती. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने गेली, पण ही वही राहिली.

याच मळ्यावर चार्ली पॅटन यांच्यासारखे ब्लूजचे नामवंत वादक वाजवीत असत. त्यांचे ऐकून रोबक गिटार शिकले. रात्री काम आटोपल्यावर अंगणात भावंडे जमत आणि भक्तिगीते म्हणत. एका कानात ब्लूज आणि दुसऱ्या कानात देवाचे गाणे, ही त्यांची शिदोरी. वडिलार्जित म्हणावे असे दुसरे काही नव्हते.

त्या काळात दक्षिणेतील कृष्णवर्णीय लोक लाखोंच्या संख्येने उत्तरेकडील शहरांत जात होते. १९१० ते १९७० या साठ वर्षांत सुमारे साठ लाख माणसे अशी गेली. रोबक, त्यांची पत्नी ओसिओला आणि लहानगी मुले १९३६ च्या सुमारास शिकागोत आली. रोबक यांनी मांसाच्या कारखान्यात आणि पुढे इतर ठिकाणी मजुरी केली. त्यांना क्लिओथा, पर्व्हिस, इव्होन, मेव्हिस आणि सिंथिया अशी पाच मुले. घरात आणि पुढे साऱ्या देशात रोबक यांना 'पॉप्स' म्हणजे बाबा हेच नाव पडले.

बैठकीच्या खोलीतला गट

पॉप्स आधी एका पुरुषांच्या गॉस्पेल मंडळीत गात. सरावाला कधी दोघे येत, कधी तिघे. या बेशिस्तीला ते कंटाळले. एके दिवशी त्यांनी घरी येऊन मुलांना जमिनीवर गोल बसवले, गिटारीवर एकेक स्वर वाजवला आणि हा तुझा, हा तुझा असे वाटून दिले. मिसिसिपीत स्वतःच्या भावंडांबरोबर म्हटलेली गाणीच त्यांनी मुलांना शिकवली. पहिले गाणे होते 'विल द सर्कल बी अनब्रोकन'. कडे अखंड राहील का, हा त्याचा प्रश्न. घरच्या माणसांच्या मृत्यूबद्दलचे हे गाणे मुलांनी लहानपणीच पाठ केले.

१९४८ मध्ये शिकागोतील एका चर्चमध्ये त्यांनी पहिल्यांदा गायन केले. लोकांनी पुन्हा म्हणायला लावले. या मंडळींना दुसरे गाणे येत नव्हते, म्हणून तेच पुन्हा म्हटले, अशी आठवण मेव्हिस सांगतात.

त्यांच्या गाण्याची घडण साधी होती. इतर गट जोरकस गात. हे मात्र जागा मोकळी सोडत. पॉप्स गिटारीच्या स्वराला विजेच्या यंत्राने कंप देत, त्यामुळे पाण्यावर लहरी उठाव्यात तसा स्वर हलत राही. क्लिओथाचा आवाज उंच, पॉप्सचा मऊ आणि सर्वांत धाकट्या गाणाऱ्या मेव्हिसचा आवाज खोल, खर्जातला. १९५६ मध्ये 'अनक्लाउडी डे' ही तबकडी निघाली तेव्हा मेव्हिस सतरा वर्षांची होती. रेडिओवर ऐकणाऱ्यांना हा आवाज एखाद्या थोराड माणसाचा वाटे आणि तो एका शाळकरी मुलीचा आहे यावर लोक विश्वास ठेवायला तयार नसत.

इथे वडिलांचा एक निर्णय नोंदवण्यासारखा आहे. तबकडी गाजली, आमंत्रणे येऊ लागली, तरी पॉप्स यांनी नोकरी सोडली नाही. शनिवार-रविवारी मोटारीने जाऊन परत येता येईल एवढेच कार्यक्रम घ्यायचे. १९५७ मध्ये मेव्हिसची शाळा पूर्ण झाली तेव्हाच कुटुंबाने गाणे हा पूर्णवेळ धंदा केला. हाती येणारा नफा दिसत असताना मुलीच्या शिक्षणासाठी थांबणे सर्वांनाच जमते असे नाही.

कंपन्या आणि कुटुंब

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. या गटाने कोणकोणत्या कंपन्यांशी करार केले आणि त्या कंपन्यांचे पुढे काय झाले, याचा मी एक तक्ता केला. पहिली 'युनायटेड'. तिच्या मालकाला वाटत होते की या पोरांनी लौकिक नाचगाणी म्हणावीत, पैसा तिकडे आहे. पॉप्स यांनी नकार दिला आणि कराराची मुदत संपण्याची वाट पाहिली. ही कंपनी १९५७ मध्ये बंद पडली. दुसरी 'व्ही-जे', कृष्णवर्णीय मालकांची. तिने या गटाला नाव मिळवून दिले, पण १९६६ मध्ये तिचे दिवाळे निघाले. तिसरी 'रिव्हरसाइड', तिचे दिवाळे १९६४ मध्ये. मग 'एपिक' ही मोठ्या घराण्यातली कंपनी, ती टिकली. १९६८ मध्ये मेम्फिसची 'स्टॅक्स'. तिथे सर्वांत मोठे यश मिळाले आणि डिसेंबर १९७५ मध्ये धनकोंनी तिलाही दिवाळखोरीत ओढले. त्याच महिन्यात स्टेपल सिंगर्सचे दुसऱ्या कंपनीसाठी गायिलेले 'लेट्स डू इट अगेन' देशात पहिल्या क्रमांकावर होते!

पाचांपैकी चार कंपन्या गेल्या. त्यांच्याजवळ इमारती होत्या, वकील होते, भागभांडवल होते. स्टेपल्स यांच्याजवळ एक मोटार, एक गिटार आणि चार गळे. तरी चालू राहिले ते घर. पुस्तकात ज्याला 'गुडविल' म्हणतात तो नावलौकिक कंपनीच्या ताळेबंदात शेवटी आकडा म्हणून येतो. इथे तो माणसांत होता, म्हणून कंपनी बुडाली तरी तो बुडाला नाही.

पावती

१९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत माँटगोमेरी शहरात पॉप्स यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांचे प्रवचन ऐकले. रात्री मुलांना जवळ बोलावून ते म्हणाले की हा माणूस जे प्रवचनात सांगतो ते आपल्याला गाण्यात सांगता येईल. तेव्हापासून त्यांच्या भक्तिगीतांत हक्काची भाषा आली. १९५७ मध्ये लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत शिरू दिले जात नव्हते. तो प्रसंग मनात ठेवून पॉप्स यांनी एक गाणे रचले, ते किंग यांचे फार आवडते. मार्च १९६५ मध्ये सेल्मा ते माँटगोमेरी अशी ५४ मैलांची पदयात्रा निघाली. तिच्यासाठी रचलेले 'फ्रीडम हायवे' हे गाणे त्यांनी शिकागोतील एका चर्चमध्ये लोकांसमोर गाऊन ध्वनिमुद्रित केले.

हे सारे सुखरूप अंतरावरून झाले नाही. दक्षिणेत प्रवास करताना राहायला जागा मिळत नसे, जेवायला खाणावळ मिळत नसे. १९६४ मधील एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. मेम्फिस येथे पेट्रोल भरल्यावर मेव्हिस यांनी पावती मागितली. तिथल्या गोऱ्या नोकराने अपमान केला, शब्दाने शब्द वाढला, पॉप्स यांनी हात उचलला. पुढे पोलिसांनी मोटार अडवून साऱ्या कुटुंबाला बेड्या घातल्या. नंतर त्यांची सुटका झाली.

पावती ही आपल्या अभ्यासातली अगदी पहिल्या धड्यातली गोष्ट. पण ज्या घराचा हिशेब एके काळी मळ्याच्या मालकाच्या वहीत होता, त्या घराच्या मुलीने पावती मागणे याचा अर्थ 'आमचा हिशेब आता आम्ही ठेवतो' असा होतो. पेट्रोल विकणाऱ्याला राग आला तो कदाचित याचाच.

देऊळ की बाजार?

१९७१ मध्ये 'रिस्पेक्ट युअरसेल्फ' आणि १९७२ मध्ये 'आय विल टेक यू देअर' ही गाणी देशभर गाजली. दुसरे तर सर्वसाधारण यादीत पहिले आले. ते स्टॅक्सचे अल बेल यांनी भावाच्या अंत्यविधीनंतर रचले होते आणि अलाबामातील मसल शोल्स येथे गोऱ्या वादकांच्या साथीने मुद्रित झाले. लोक त्यावर नाचू लागले. तेव्हा डॉर्सींच्या वेळचा जुना आक्षेप पुन्हा आला. हे देवाला सोडून गेले, असे चर्चमधील काही मंडळी म्हणू लागली. पॉप्स यांचे म्हणणे, शब्द नीट ऐका, निरोप तोच आहे.

मला वाटते दोन्ही बाजूंत तथ्य आहे. १९७५ चे ते चित्रपटगीत साधे शृंगाराचे होते आणि ते म्हणायला पॉप्स स्वतःच कुरकुरत होते. बाजारात उतरल्यावर प्रत्येक सौदा आपल्या मनासारखा होत नाही. पण ज्या माणसाने १९५० नंतरच्या वर्षांत बाजाराला नकार दिला त्यानेच वीस वर्षांनी होकार दिला, तो वेगवेगळ्या गोष्टींना. तेव्हा बाजार त्याचे गाणे बदलू पाहत होता. आता त्याचे स्वतःचे गाणे बाजाराला हवे होते. या दोन मागण्यांतला फरक ओळखणे हा मला या घराचा खरा व्यवहार वाटतो.

तिसरा सूर

स्टेपल सिंगर्सवर लिहिणारे लिहितात ते बहुधा पॉप्स यांच्या गिटारीवर आणि मेव्हिस यांच्या गळ्यावर. मी थांबलो ते इव्होन यांच्यापाशी. त्यांचा जन्म १९३७ चा. गाण्याची त्यांना फारशी हौस नव्हती. पर्व्हिस यांना सैन्यात बोलावणे आले तेव्हा रिकाम्या जागेवर त्या उभ्या राहिल्या. १९७० च्या सुमारास पर्व्हिस यांनी गट सोडला आणि इव्होन पुन्हा आल्या, त्या कायमच्या. गाजलेल्या तबकड्यांत मागे जो भरीव मेळ ऐकू येतो त्यात त्यांचा सूर आहे. शिवाय व्यवहाराची बाजू त्या पाहत. ठरलेले पैसे मिळाले की नाही हे बघण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे.

१९ डिसेंबर २००० रोजी पॉप्स वारले. मेव्हिस लहानपणापासून वडिलांच्या गिटारीबरोबर गात आल्या होत्या. त्या घरी बसून राहिल्या. कायद्याच्या भाषेत इथे भागीदारी संपली होती. तेव्हा इव्होन यांनी बहिणीला उठवले. बाबांना तू गावेसे वाटले असते, असे सांगून बाहेर काढले. मेव्हिस यांनी पदरचे पैसे घालून नवे ध्वनिमुद्रण केले. ते २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्यांना २०११ मध्ये ग्रॅमी आणि २०१६ मध्ये केनेडी सेंटरचा सन्मान मिळाला. इव्होन मागे उभ्या राहून झील धरत होत्या आणि हिशेबही पाहत होत्या.

पॉप्स यांनी अखेरच्या दिवसांत काही गाणी मुद्रित करून मेव्हिस यांच्या हवाली केली होती आणि 'हे हरवू नकोस' असे बजावले होते. ती त्यांनी जपली. जेफ ट्वीडी या संगीतकाराच्या मदतीने ती २०१५ मध्ये 'डोन्ट लूज धिस' याच नावाने निघाली.

कडे मात्र अखंड राहिले नाही. सिंथिया १९७३ मध्ये गेली, क्लिओथा २०१३ मध्ये, इव्होन २०१८ मध्ये, पर्व्हिस २०२१ मध्ये. त्या नावाचा गट पुढच्या पिढीने उभा केला नाही. ताळेबंद मांडायचा तर हेही खरे लिहिले पाहिजे. पण मिसिसिपीच्या अंगणातले गाणे शिकागोच्या बैठकीच्या खोलीत आले आणि तिथून साऱ्या जगात गेले. ही जमेची बाजू कोणी पुसू शकत नाही.

शेवटची नोंद

हा लेख लिहिताना मी फडताळातली वही पुन्हा काढली आणि प्रथमच तारखा लावून पाहिल्या. आजोबा गेले त्या महिन्यानंतरही दोन वर्षे नोंदी आहेत! पट्टी जमा आहे, टाळांच्या दोऱ्या आहेत, बिदागी आहे. शेवटची नोंद आहे ती अण्णाआजोबा गेले त्या महिन्यातली. अण्णाआजोबा म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ. त्यांना गाणे येत नसे. ते मागे बसून टाळ धरत आणि वही लिहीत.

आजोबा गेले आणि भजन थांबले, असे आम्ही इतकी वर्षे सांगत आलो. ते चूक होते. भजन थांबले ते वही थांबली म्हणून.

बाबांना मी हे दाखवले. ते बराच वेळ अक्षर पाहत राहिले. मग म्हणाले, "पखवाज माळ्यावर आहे. पुडी गेली असेल." मला गाता येत नाही. पण पुडीला किती खर्च येईल ते मी विचारून आलो आहे आणि कोऱ्या पानावर तारीख घातली आहे.